होम लोनची कागदपत्रं: नोकरी शिनोळीत, घर हिंडलग्यात आणि यूट्यूबवर सगळं महाराष्ट्राचं

सुळगेकर

नमस्कार मंडळी. बेळगावकडच्या कुणी अलीकडं होम लोन केलंय काय, असेल तर जरा इस्कटून सांगा, कारण मी नुसतं विचारत फिरूलालोय आणि दहा जण दहा गोष्टी सांगूलालेत.

माझी परिस्थिती अशी. राहायला वेंगुर्ला रोडला, नोकरी शिनोळी एमआयडीसीत, म्हणजे घर कर्नाटकात आणि पगार महाराष्ट्रात. पर्मनंट आहे, पीएफ कटतो, हातात ३८ हजार येतात. बायको एका प्रायव्हेट शाळेत शिकवते, तिला १४ हजार, पण ते पाकिटात घालून हातात देतात. बाईकचा हप्ता ३,२०० चालू आहे, बाकी कर्ज काय नाही. हिंडलग्यात एक जुनं घर बघितलंय, पावणेदोन गुंठे जागा, खाली तीन खोल्या, वर पत्रा. ३४ लाख म्हणूलालेत. मूळ मालक वारलेत, त्यांचे दोन मुलगे विकूलालेत. त्यांनी एक झेरॉक्स दिली, सगळं कन्नडमध्ये, मला वाचता येतंय थोडं थोडं पण सरकारी कन्नड डोक्यावरून जातंय. म्हणाले फॉर्म अकरा आहे, पंचायतीला घरपट्टी भरतो, काय काळजी करू नका, अमावस्या झाली की दोन लाख संचकार, म्हणजे इसारा, द्या.

आता यूट्यूबवर मराठीत बघायला गेलं की सगळे सातबारा आणा, इंडेक्स टू आणा, हेच. इथं त्यातलं काय चालतंय? बँकेत गेलो तर एक लिस्ट हातात दिली, त्यात ईसी, खाता एक्स्ट्रॅक्ट, लिंक डॉक्युमेंट असलं काय काय, विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो वकील सांगतील. दुसरं म्हणजे नोकरी महाराष्ट्रात म्हणून लोनला अडचण येते काय? तिसरं, कोल्हापूरचा चुलतभाऊ म्हणतो घर वहिनीच्या नावावर घे, स्टँप ड्युटी १ टक्का कमी होते. आणि चौथं, ते दोघं भाऊ म्हणूलालेत की खरेदीपत्र २० लाखाचं करू, वरचे १४ हातात द्या. हे करावं का नको?


रिटायर्ड_मॅनेजर

सुळगेकर, शेवटापासून सुरुवात करतो कारण तिथंच सगळा व्यवहार अडकणार आहे. २० लाखाचं खरेदीपत्र केलं तर बँकेच्या दृष्टीनं ते घर २० लाखाचं. बँक करारातली किंमत आणि तिच्या व्हॅल्युएशनवाल्या इंजिनियरनं काढलेली किंमत, यातली जी कमी ती धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त ९० टक्के, म्हणजे तुम्हाला फार तर १८ लाख. उरलेले २ आणि वरचे १४ असे १६ लाख रोख कुठून आणणार? शिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्यावर रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्यात (१९६१ च्या कायद्यातलं कलम २६९एसएस) चालत नाही, जेवढी रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. हे त्या भावांना सांगा, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त घाम फुटेल.

पूर्ण ३४ लाख पांढऱ्यात केले तरी खिशातले पैसे मोजून ठेवा. स्टँप ड्युटी ५ टक्के, त्याच्यावर सेस आणि सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी जी २०२५ च्या ऑगस्टअखेर १ वरून २ टक्के झाली. सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या पुढं जातं, म्हणजे अडीच लाखांच्या वर. हे कर्जात बसत नाही, तुमचं तुम्हालाच घालावं लागतं. बायकोच्या नावावर १ टक्का कमी ही सवलत महाराष्ट्रात आहे, कर्नाटकात नाही. नाव लावायचं तर जरूर लावा, पण त्या १ टक्क्याच्या आशेनं नको.

आता तुमची ऐपत. बँका साधारण हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते धरतात, कुणी थोडं पुढं जातं. ३८ हजाराचे निम्मे १९ हजार, त्यातनं बाईकचे ३,२०० गेले, राहिले १५,८००. व्याज साडेआठ धरलं आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये, म्हणजे कर्ज बसतं १८ लाखांच्या आसपास. बाईकचं कर्ज फेडून टाकलं तर २२ च्या जवळ जातं. बघा, एका बाईकनं साडेतीन लाखांच्या वर खाल्ले. वहिनींचा पगार पाकिटात येतोय तोवर बँकेच्या लेखी त्यांना पगारच नाही. शाळेला सांगून तो खात्यावर घ्या, सहा महिने जाऊ देत, मग त्यांना सहकर्जदार करा, तेव्हा २६ लाखांपर्यंत गाडी जाईल, आणि बाईक पण मिटवलेली असेल तर ३० च्या जवळ.

नोकरी महाराष्ट्रात असल्यानं काय बिघडत नाही. कर्ज ठरतं जागा जिथं आहे तिथल्या शाखेवर, त्यामुळं बेळगावातच अर्ज करा. चौकशीला माणूस शिनोळीला कंपनीत जाऊन येतो एवढंच. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र, कंपनीचं आयडी, पॅन, आधार, फोटो, आणि पीएफचं पासबुक काढून जोडा, त्यात किती वर्षं एका जागी आहात ते सरळ दिसतं. स्लिपेवर महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स कापलेला असतो, फेब्रुवारीत २०० च्या जागी ३००, त्यावरनं पूर्वी आमच्याकडं नवीन पोरं विचारायची की एकाच महिन्यात पगार कमी का, म्हणून सांगतो, विचारलं तर गडबडू नका.

स्टेटमेंट देण्याआधी स्वतः एकदा वाचा. भिशी लागली म्हणून एकदम लाख रुपये रोख भरलेले दिसले की प्रश्न येणार. आणि सिबिल बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, चौघांकडनं वर्षातनं एकेकदा रिपोर्ट फुकट मिळतो, एजंटाला पाचशे देऊ नका. त्यात मुख्य म्हणजे कुणाला जामीन राहिलाय काय ते बघा. आपल्या भागात मित्राच्या ट्रॅक्टरला सही, पाहुण्याच्या दुकानाला सही, आणि त्यानं हप्ते थकवले की डाग आपल्या रिपोर्टावर.


वकिलाकडचा_कारकून

मॅनेजर साहेबांनी तुमच्या बाजूचं सांगितलं, ती फाईल दोन दिवसात होते ओ. घोडं अडतं ते जागेच्या फाईलला, आणि बेळगाव तालुक्यात तर हमखास.

पहिला प्रश्न, ती झेरॉक्स फॉर्म ११ए आहे का ११बी? वर लिहिलेलं असतं, कन्नड अंक आणि अक्षर एवढं वाचता आलं तरी पुरे. ग्रामपंचायतीच्या मिळकतींचं ई-स्वत्तु म्हणून रेकॉर्ड आहे, त्यात गावठाणातली घरं आणि रीतसर बिनशेती करून लेआऊट मंजूर झालेले प्लॉट यांना फॉर्म ९ आणि त्याच्या जोडीला ११ए मिळतो. बाकीच्यांना ११बी. ११बी म्हणजे पंचायत घरपट्टी घेते, बस्स. शेतात गुंठ्यानं तुकडे पाडून बाँडवर विकलेले जे प्लॉट हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे सगळीकडं आहेत ना, त्यातले बरेचसे ह्यात येतात. मोठ्या बँका त्याच्यावर कर्ज देत नाहीत. म्हणून नुसता 'फॉर्म अकरा आहे' हे वाक्य ऐकून भुलू नका, फॉर्म ९ मागा, ९ नसेल तर विषय तिथंच थांबवा. शहरात असंच ए खाता आणि बी खाता असतं, ते कॉर्पोरेशनचं; खाता म्हणजे मालक आणि घरपट्टीच्या नोंदीचा उतारा.

तुमचं घर जुनं आहे म्हणताय म्हणजे गावठाणातलं असायची शक्यता आहे, तसं असेल तर बरं. गावठाणातल्या घराला आरटीसी म्हणजे आपण ज्याला उतारा म्हणतो तो नसतो, पंचायतीचाच कागद. पण घर एखाद्या सर्व्हे नंबरात असेल तर सगळी साखळी लागते, तुमच्या लिस्टीतलं लिंक डॉक्युमेंट ते हेच, म्हणजे जुने उतारे, जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेतीची ऑर्डर (लँड रेव्हेन्यू ॲक्टच्या कलम ९५ खालची), बुडाची (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) किंवा ज्याची हद्द असेल त्याची लेआऊट मंजुरी, आणि प्रत्येक वेळी नाव बदललं तेव्हाची एमई म्हणजे फेरफार नोंद. उताऱ्याच्या ११ नंबर कॉलमात बघायचं, तिथं बोजे असतात. सगळ्यात जास्त सापडतो तो पीकेपीएसचा, म्हणजे गावच्या शेती सहकारी सोसायटीचा, पीककर्जाचा बोजा, आजोबांनी उसाला काढलेलं, फेडून वीस वर्षं झाली, पण कुणी बेबाकी दाखला नेऊन तलाठ्याकडं दिला नाही म्हणून उताऱ्यावर अजून तसाच. बँकेला तो दिसला की बँक पुढं जात नाही. आणखी एक, जमीन कुळकायद्यात मिळालेली असेल तर फॉर्म १० लागतो, आणि सरकारनं एससी एसटी माणसाला दिलेली जमीन असेल तर पीटीसीएल कायदा १९७८ चा, त्यात सरकारची परवानगी नसताना विकलेली जमीन परत जाऊ शकते, तिथं अजिबात हात घालू नये.

मग ईसी, म्हणजे त्या मिळकतीवर कुठले व्यवहार आणि बोजे रजिस्टर झालेत त्याचा दाखला. हे म्हणजे यूट्यूबवाले इंडेक्स टू म्हणतात त्या जागी आपल्याकडं चालतं असं समजा, तंतोतंत तेच नाही, पण काम साधारण ते. कर्नाटकच्या रजिस्ट्रेशन खात्याच्या कावेरी वेबसाइटवर अर्ज करायचा, व्यवहार असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६ (पगाराचा फॉर्म १६ वेगळा). बँकेचे वकील बहुतेक ३० वर्षांचा मागतात. अलीकडच्या वर्षांचा ऑनलाइन येतो, त्याआधीचा सब रजिस्ट्रार ऑफिसात हाती शोधून घ्यावा लागतो, तो आधी अर्ज करून ठेवा, वेळ तिथंच जातो. आणि ईसी कोरा आला म्हणून नाचू नका, नुसते मूळ कागद ठेवून घेतलेलं कर्ज त्यात दिसेलच असं नाही. बँकांनी घेतलेलं तारण सरसाईच्या साइटवर थोडी फी भरून कुणालाही शोधता येतं, ते पण बघा.

शेवटचं आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मूळ मालक वारलेत, मुलगे दोन, हे ठीक. मुली किती? आई हयात आहेत काय? वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर स्वकष्टाच्या घरात मुलगी आणि बायको ह्या १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच वारस आहेत, वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क. लग्न झालं, हुंडा दिला, सोनं दिलं, हे कोर्टात काय चालत नाही. नाडकचेरीतनं (तहसीलच्या खालचं सरकारी ऑफिस) वंशावळ काढून आणायला सांगा, त्यात सगळी नावं येतात.


भिशीवाला_भावा

एवढं कशाला डोक्याला ताप भावा, सोसायटीतनं काढ की. आमच्या गल्लीत तीन सोसायट्या आहेत, दोन जामीनदार आणि घराचा कागद ठेवला की आठवड्यात पैसे. ११ए ११बी कोण विचारत नाही


रिटायर्ड_मॅनेजर

व्याज विचारलं काय भावा? सोसायटी वाईट म्हणत नाही मी, लग्नाला, शेतीला, दुकानाला तिथंच जावं लागतं, पण २० वर्षांच्या कर्जाला दोन-चार टक्क्यांचा फरक म्हणजे हप्त्यात किती होतो ते एकदा कागदावर मांडून बघा. शिवाय बँकेचं फ्लोटिंग व्याजाचं होम लोन मधेच फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि कर्ज फिटल्यावर ३० दिवसात मूळ कागद परत द्यायचे, नाही दिले आणि चूक बँकेची असेल तर दिवसाला ५,००० रुपये, हे १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. असल्या सौहार्द सोसायट्या, म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्था, सहकार खात्याच्या कायद्यात येतात, रिझर्व्ह बँकेचे हे नियम त्यांना लागत नाहीत. कागद विचारत नाही ही सोय वाटते खरी, पण उद्या तुम्ही ते घर विकायला काढलं की तुमचं गिऱ्हाईक बँकेत जाणार आणि बँक विचारणारच.


निपाणीची_सून

मी थोडं बायकांच्या बाजूनं पण सांगते. सुळगेकर दादा, वहिनींचा पगार खात्यावर घ्या म्हणाले ते अगदी बरोबर, पण शाळा नाही म्हणते बरं का, कारण पाकिटावर सही एका आकड्याची असते आणि आत दुसराच असतो. आधी ते बघा.

आमचं गेल्या वर्षी झालं, जुनं घर पाडून त्याच जागेवर बांधायचं होतं. आमच्याकडं सगळ्यात त्रास झाला नावांचा. सासऱ्यांचं नाव आधारवर लक्ष्मण, नगरपालिकेच्या उताऱ्यात कन्नडमधनं आलेलं लक्षुमण, आणि जुन्या कागदात नुसतं लखू आणि वडिलांचं नाव, आडनावच नाही. पॅनवर आडनाव आधी. वकील म्हणाले ही तीन माणसं आहेत का एक? मग नोटरीकडं ॲफिडेव्हिट करायचं की हे सगळे एकच इसम, आणि जोडीला शाळेचा दाखला किंवा रेशन कार्ड असं काहीतरी जुनं. हे सगळ्यांचं आपापलं आधी तपासून घ्या, विकणाऱ्यांचं पण, कारण कन्नड टायपिंग करणाऱ्यानं मराठी आडनावाचं काय केलंय ते छापून आल्यावरच कळतं. आणि दुरुस्ती आधारमध्ये करू नका घाईघाईनं, आधी ठरवा कुठलं नाव कायम ठेवायचं, नाहीतर पॅन, पासबुक, शाळेचा दाखला सगळ्यांच्या मागं फिरावं लागतं.

दुसरं, आमच्या घराचं मूळ खरेदीपत्र १९४८ चं. त्यानंतर घर विकलंच नाही कुणी, वारसानंच नावं लागत आली, त्यामुळं मालकी कुठनं आली हे दाखवायला तोच एक कागद. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात, १९५६ च्या नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात आलो, म्हणजे कागद मराठीत, आणि त्यातही मोडीत! बँकेचे वकील हुबळीचे, त्यांना मराठीच येत नाही तर मोडी कुठली. सासूबाई तो कागद जुन्या पातळात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवत आलेल्या, घडीवर फाटलेला, शाई तांबूस पडलेली, स्कॅनिंगवाल्याला हात लावायला देत नव्हत्या. शेवटी मोडी वाचणारे एक गुरुजी शोधले, त्यांनी देवनागरीत लिहून दिलं, मग त्याचं इंग्लिश भाषांतर नोटरी करून दिलं. तुमचं घर जुन्या गावठाणातलं असेल तर असं काय निघतंय काय बघा, निघालं तर घाबरू नका, पण वेळ धरा.

बांधकामाला कर्ज घेत असाल तर पैसे एकदम मिळत नाहीत हे पण माहीत असू द्या. मंजूर प्लॅन आणि इंजिनियरचं एस्टिमेट द्यायचं, मग पाया, लिंटल, स्लॅब असं जसं काम वर जाईल तसे हप्ते येतात, दर वेळी माणूस बघून जातो. गवंडी मात्र शनिवारी पगार मागतो.


उद्यमबागवाला

मधेच विचारतो, माझं उद्यमबागेत लेथचं जॉबवर्क आहे, पगारी नाही, जीएसटी आहे. रिटर्न भरतो पण नफा कमी दाखवलेला असतो सीएनं, टॅक्स वाचावा म्हणून. मला कोण देणार काय?


रिटायर्ड_मॅनेजर

देणार की, पण जेवढा नफा दाखवलाय तेवढ्यावरच. तीन वर्षांचे आयटीआर, सोबत कॉम्प्युटेशन, ताळेबंद, नफातोटा पत्रक, जीएसटी रिटर्न, उद्यम रजिस्ट्रेशन आणि करंट खात्याचं वर्षाचं स्टेटमेंट, एवढं लागतं. कर्ज दोन वर्षांनी काढायचं असेल तर आत्तापासनं सीएला सांगा नफा खरा दाखवायला. टॅक्स वाचवायचा आणि ऐपत पण मोठी दाखवायची, दोन्ही जमत नाही. आणि शेवटच्या वर्षी एकदम दुप्पट नफा दाखवला तरी विचारतात, मागच्या वर्षांशी मेळ लागला पाहिजे.


सुळगेकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. अपडेट देतो.

झेरॉक्स नीट बघितली, ११ए आहे, आणि पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) भेटलो, फॉर्म ९ पण आहे, गावठाणातलंच घर. पण दोन्हीवर नाव अजून वारलेल्या वडिलांचंच. कारकून साहेबांचा प्रश्न विचारला तर खरंच एक बहीण निघाली, चंदगडकडं दिलेली. आई नाहीत. थोरला भाऊ म्हणतो बहिणीचं काय काढताय, ती काय म्हणणार नाही. धाकटा गप्प बसला, त्यावरनं मला वाटतंय काहीतरी आहे.

आणि ईसी काढला, फॉर्म १५ आला. त्यात वडिलांनी २०११ साली एका सोसायटीला गहाण दिलेलं दिसतंय. भाऊ म्हणतात कधीच फेडलंय. फेडल्याचा कागद मागितला तर कपाटात असेल म्हणूलालेत.

२० लाखाच्या गोष्टीवर मी स्पष्ट नाही म्हणालो. आधी फुगले, मग मॅनेजर साहेबांचं २६९एसएस सांगितलं, आता ३१ लाख पूर्ण चेकनं म्हणूलालेत.


वकिलाकडचा_कारकून

हे बघा, ह्यातलं काहीच न सुटण्यासारखं नाही, फक्त क्रम चुकवू नका, आणि खर्च त्यांचा, तुमचा नाही.

आधी वडिलांचा मृत्यू दाखला आणि वंशावळ घेऊन पंचायतीत वारसा नोंद, तिन्ही भावंडांच्या नावावर. मग तिघंही मिळून तुम्हाला खरेदीपत्र करून देतील. काही जण म्हणतील बहिणीकडनं आधी हक्कसोड करून घेऊ, तेही चालतं, रजिस्टर केलेलं पाहिजे मात्र, घरी बसून स्टँपपेपरवर सही घेतलेली नको. पण मला विचाराल तर बहिणीला विकणारी म्हणूनच सामील करा आणि तिच्या हिश्श्याचा चेक तिच्याच नावानं काढा. पैसा खात्यात गेला की उद्या कोण बोलत नाही. चंदगड काय लांब नाही, सब रजिस्ट्रार ऑफिसात तिला स्वतः येऊ दे, वटमुखत्यारावर जाऊ नका. धाकटा गप्प बसला म्हणताय, त्याच्याशी एकटं बोला.

सोसायटीचं गहाण ईसीत आलंय म्हणजे ते रजिस्टर केलेलं होतं, त्यामुळं नुसता बेबाकी दाखला पुरत नाही. सोसायटीनं गहाण सोडून दिल्याचा दस्त रजिस्टर करायला पाहिजे, मग नवीन ईसी काढायचा, त्यात तो दिसला पाहिजे. सोसायटी अजून चालू आहे काय हे आधी बघा. बंद पडली असेल, लिक्विडेटर नेमलेला असेल तर त्याच्याकडं जावं लागतं आणि मग किती महिने जातील ते सांगता येत नाही.


सुळगेकर

सोसायटी चालू आहे, बोर्ड बघून आलो. आता भाऊ म्हणूलालेत आम्ही हे सगळं करतो पण आधी संचकार द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे. द्यावं काय? आणि बँकेकडं अर्ज आत्ता करू का हे झाल्यावर?


रिटायर्ड_मॅनेजर

दुसरं गिऱ्हाईक असतंच, मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. अर्ज आत्ता करा, कागद बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाकडं आत्ताच जाऊ देत, त्यांची फी दोन-चार हजार जाईल पण तुमचे दोन लाख अडकायच्या आधी सगळं बाहेर येईल. तुमच्या पगाराची मंजुरी वेगळी मिळते, ती काही महिने चालते, तोवर त्यांची कामं होतील. ३१ लाखाला तुमच्या एकट्याच्या पगारावर जमत नाही हे विसरू नका, बाईक फेडून २२ आणि खिशातले ९, वर स्टँपचे अडीचच्या आसपास. एवढे आहेत काय? नसतील तर वहिनींच्या पगाराचं आधी.


सुळगेकर

बाईक फेडतो या महिन्यात. पीएफमधनं काढता येतंय का बघूलालोय, बायकोचं सोनं आहे पण ते आईला सांगायची हिंमत नाही. शाळेच्या सेक्रेटरींना भेटलो, जूनपासनं खात्यावर देतो म्हणालेत.


निपाणीची_सून

सोनं ठेवलं तर त्याचा पण हप्ता धरतात हं दादा, ते अर्जाच्या आधी नको.


वकिलाकडचा_कारकून

संचकार द्यायचाच झाला तर ५० हजाराच्या पुढं जाऊ नका, चेकनं किंवा आरटीजीएसनं, आणि करार कर्नाटकच्या ई-स्टँपवर, कंपनीजवळ मिळतो म्हणून महाराष्ट्राचा स्टँप आणू नका. तिघांच्या सह्या घ्या, बहिणीची पण. आत हे यायला पाहिजे: वारसा नोंद आणि गहाण सोडल्याचा दस्त अमुक तारखेपर्यंत विकणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चानं करून द्यायचा, आणि मालकीतल्या दोषामुळं बँकेनं कर्ज नाकारलं तर संचकाराची सगळी रक्कम पंधरा दिवसात परत. चतुःसीमा फॉर्म ९ वरनं जशाच्या तशा उतरवा, मापं पण तीच, पावणेदोन गुंठे असं लिहू नका, चौरस मीटरमध्ये लिहा. थोरला सही करायला तयार झाला नाही तर कळवा, मग त्याची कारणं वेगळी आहेत.